‘पाच घरं’: मोर्चाच्या शूटिंगपासून सर्टिफिकेटपर्यंत

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या आक्काला मार्चमध्ये मी सहज विचारलं, "आक्का, तुझी घरं किती गं?"

"पाच," ती म्हणाली आणि कढईला घासणी लावली.

कोल्हापूरच्या राजेंद्रनगरात पत्र्याची एक खोली, तीही भाड्याची, आणि बाई म्हणते माझी पाच घरं. कामाच्या ठिकाणांना या बायका ‘घरं’ म्हणतात हे लहानपणापासून ऐकत आलेय. त्या दिवशी मात्र तो शब्द कानात अडकून राहिला. फिल्मचं नाव तिथंच ठरलं, फिल्म करायची असं ठरायच्या आधी.

मी लग्नांच्या व्हिडिओचं मिक्सिंग करते. राजारामपुरीत आमच्या घरातलीच एक खोली, दोन मॉनिटर आणि सीझनमध्ये रात्री दोनपर्यंत हळद, संगीत, सप्तपदी. मावसभाऊ शूटिंग करतो. डॉक्युमेंटरी आम्ही दोघांनीही कधी केली नव्हती. आता झालीय. 34 मिनिटांची, सर्टिफिकेट मिळालेली, लोकांनी बघितलेली. मधल्या आठ महिन्यांत कुणाला काय विचारायचं हेच कळत नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते. पुढं कुणी असलं काही अंगावर घेतलं तर निदान कुठल्या टेबलापासून सुरुवात करायची एवढं तरी कळेल.

सुरुवात 8 मार्च 2025 ला झाली. घरकामगार बायकांच्या संघटनेचा महिला दिनाचा कार्यक्रम होता आणि शूटिंगला भावाला बोलावलं होतं. पैसे नव्हते, पोहे होते. मी हौसेनं गेले. तिथं पहिल्यांदा कळलं की महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी 2008 सालीच कल्याण मंडळाचा कायदा झालाय. 18 ते 60 वयाच्या बाईनं नोंदणी करायची, मग बाळंतपणाला 5,000 रुपये, अंत्यविधीला 2,000 रुपये, पंचावन्न पूर्ण झाली की एकदाच 10,000 रुपये सन्मानधन. कागदावर एवढं. व्यासपीठावरच्या ताई हे सांगत होत्या तेव्हा माझ्या शेजारची बाई आपल्या जोडीदारणीला म्हणाली, "धा हजारात आता दात बी बसत न्हाईत." भावाच्या कॅमेऱ्याला माइक नव्हता. ते वाक्य गेलं. मला वाटतं फिल्म करायची खाज त्या गेलेल्या वाक्यामुळंच लागली.

संघटनेनं 16 जूनला कलेक्टर ऑफिसवर मोर्चा ठरवला होता. तारीख मुद्दाम निवडलेली. 2011 साली त्याच दिवशी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरकामगारांच्या हक्कांचा 189 क्रमांकाचा करार मंजूर केला. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. मागण्या साध्या होत्या. तासाचा किमान दर ठरवा, आठवड्याला एक सुट्टी, दिवाळीला एक पगार बोनस, म्हातारपणी पेन्शन. आम्ही ठरवलं की मोर्चा तर शूट करायचाच, पण त्याआधी दोन-अडीच महिने वस्तीत जाऊन बोलायचं.

पहिली ठेच संमतिपत्रावर लागली. इंटरनेटवरून एक नमुना काढून मराठी केला होता. दोन पानं, बारीक टाइप, ‘सर्व हक्क कायमस्वरूपी हस्तांतरित’ वगैरे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी राजेंद्रनगरात बायकांपुढं ठेवला. पहिलीनं कागद उलटा-सुलटा करून विचारलं, "हप्ता किती?"

मला कळेना. मग कुणीतरी सांगितलं, इथं कागद घेऊन येणारा माणूस म्हणजे गटाच्या कर्जाचा माणूस. दहा जणींचा गट, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊ जणी तिच्या दारात. सही म्हणजे कर्ज. अंगठा म्हणजे कर्ज. याच कोल्हापुरात 1925 साली बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला होता, सावकारापायी जमीन गमावून गिरणीत राबायला गेलेल्या शेतकऱ्याची गोष्ट, शेतकऱ्याच्या कामात व्ही. शांताराम. बरोबर शंभर वर्षांनी माझ्याच गावात मी अंगठे घ्यायला कागद घेऊन बसले होते.

तो कागद फाडला. नवा एकपानी केला, मोठ्या अक्षरात, चार वाक्यांचा. चौथं वाक्य असं: ‘फिल्म लोकांना दाखवायच्या आधी मला दाखवतील, आणि तेव्हा मी नाही म्हणू शकते.’ प्रत्येकीला कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवायचा, दोन प्रती करायच्या, एक तिची. भाऊ म्हणाला, "हे चौथं वाक्य आपल्याला गोत्यात आणणार." आणलंच. तरी सांगते, ते वाक्य घालाच.

23 एप्रिलची संध्याकाळ नीट सांगायला हवी. आक्काच्या खोलीसमोर सहा-सात जणी बसल्या होत्या. मी हेडफोन घालून आवाज बघत होते आणि प्रश्नही मीच विचारत होते. भांड्याचे किती, धुण्याचे किती, केर-फरशीचे किती. उत्तरं येत होती. सातशे, सातशे, सहाशे. मग मागं भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी, जिची मुलाखत चाललीच नव्हती, ती म्हणाली, "आन् ह्या पोरीच्या घरात काय देत्यात गं आक्का?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. हसली. बोलली नाही.

टाइमलाइनवर ती शांतता सात सेकंदांची आहे, नंतर मोजली. मग माझा आवाज येतो, "बावीसशे."

"तिन्हीचं?"

"हो."

"खाडा धरता?"

"आई धरते," मी म्हणाले.

‘आई धरते.’ तेवढं बोलून मी पुढच्या प्रश्नावर उडी मारली. घरी येऊन फुटेज लावलं तेव्हा आणखी एक गोष्ट ऐकू आली. अख्ख्या मुलाखतीत मी आक्काला अगंजागं करतेय आणि माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठी बाई मला अहोजाहो.

यावर नंतर येते. आधी परवानगीचं.

मोर्चाची परवानगी संघटनेनं काढायची होती, ती त्यांनी दहा दिवस आधी अर्ज देऊन काढली. जिल्ह्यात पोलिस कायद्याच्या कलम 37 चा बंदी आदेश बऱ्याचदा लागू असतो, म्हणजे विनापरवाना जमाव करता येत नाही. त्यामुळं मार्ग, वेळ, साधारण किती माणसं, स्पीकर असेल तर किती वाजेपर्यंत, आणि रहदारीला अडथळा होणार नाही असं हमीपत्र, एवढं लिहून द्यावं लागतं. आमचा प्रश्न शूटिंगचा. रस्त्यावरच्या मोर्चाचं शूटिंग करायला वेगळा कागद लागतो का, हे प्रत्येक जण वेगळं सांगत होता. शेवटी आपलाच अर्ज घेऊन ठाण्यात गेले.

"कुठलं चॅनेल?"

"चॅनेल नाही साहेब."

"पेपर?"

"नाही."

"मग कशाला काढताय?"

याचं उत्तर माझ्याकडं तयार नव्हतं. "माहितीपट करतोय," म्हणाले. त्यांनी दुसऱ्या टेबलाकडं पाठवलं, तिथून ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या’. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला. एक गोष्ट मात्र त्या तीन खेपांत शिकले. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून पोच घ्या. परवानगीचं पत्र आम्हाला शेवटपर्यंत आलं नाही. मोर्चाच्या दिवशी एका हवालदारानं अडवलं तेव्हा ती पोच दाखवली आणि काम झालं.

ड्रोनचा मोह सोडा. लग्नात उडवतो म्हणून भावानं तो पिशवीत टाकलाच होता. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ, त्यामुळं ड्रोन कुठं उडवता येतो त्या झोनचा नकाशा बघावा लागतो, आणि मोर्चावर ड्रोन म्हटलं की पोलिसांच्या कपाळावर आठी. शिवाय वरून बघितलं तर बायका दिसत नाहीत, छत्र्या दिसतात.

16 जून, सोमवार. सकाळपासून कोल्हापुरी पाऊस, ना धड कोसळणारा ना थांबणारा. त्यात शाळा सुरू व्हायचा दिवस. मोर्चाची वेळ अकराची होती, निघाला सव्वाबाराला, कारण बायका सकाळची घरं उरकून येत होत्या. कामाच्या हक्कांसाठी काढलेला मोर्चा कामाला जाऊन मग निघतो हे मी तरी पहिल्यांदा बघितलं. दुपारच्या घरांचा खाडा पडणार होता, तो सगळ्यांनी धरून चाललेला. दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी जमायचं, तिथून व्हीनस कॉर्नर, असेंब्ली रोड, कलेक्टर ऑफिस.

कॅमेऱ्याला रेनकव्हर नव्हतं. भावानं घरातली अंघोळीची शॉवर कॅप चढवली, ती मस्त बसली. आवाजाचे मात्र हाल झाले. छत्रीखाली माइक धरला तर छत्रीवरच्या थेंबांचा तडतडाट, रेनकोट घातला तर त्याची चुरचुर. म्हणून सांगते, घोषणा मोर्चा निघायच्या आधी, आडोशाला उभं करून, एकदा वेगळ्या रेकॉर्ड करून घ्या. आम्ही नशिबानं घेतल्या होत्या. ‘कोण म्हणतो देणार नाही, घेतल्याशिवाय राहणार नाही’ ही घोषणा फिल्ममध्ये तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही वेळा ती चौकातल्या एका दुकानाच्या पत्र्याखालची आहे.

दिवसभरातला माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा शॉट मोर्चाचा नाहीच. व्हीनस कॉर्नरला मोर्चा थोडा थांबला होता. एका बाईच्या हातात पुठ्ठ्याचा फलक होता, पावसानं शाई ओघळत चाललेली. भावानं अक्षरं सोडून तिच्या हातावर फोकस केला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये पांढऱ्या चिरा, धुण्याच्या पावडरनं पडतात तशा, आणि त्या चिरांमध्ये निळी शाई उतरत होती. अकरा सेकंद. मग तिनं फलक दुसऱ्या हातात घेतला आणि ओला हात पदराला पुसला.

कलेक्टर ऑफिसात निवेदन द्यायला पाच जणींनाच आत सोडलं. कॅमेरा बाहेर. आम्ही फाटकापाशी चाळीस मिनिटं भिजत उभे, बायका फुटपाथवर बसून भाकरी खात होत्या. आम्हालाही दिली, खर्डा आणि भाकरी. आतल्या पाच जणी बाहेर आल्या. निवेदन घेतलं, वर पाठवतो म्हणाले. बस्स. फिल्मला ‘शेवट’ हवा असेल तर मोर्चाकडून त्याची अपेक्षा ठेवू नका.

घरी आल्यावर आधी अंग पुसायचं की कार्ड उतरवायचं? कार्ड. त्याच रात्री दोन वेगवेगळ्या डिस्कवर. दोन टीबीच्या दोन डिस्क 12,400 रुपयांना पडल्या आणि मला त्या महाग वाटल्या होत्या. ऑगस्टमध्ये एक डिस्क गेली. त्यानंतर महाग वाटत नाहीत.

जुलैभर एडिटिंग. पहिला कट भावाला दाखवला तर तो हसत सुटला. "अगं, हे तर रिसेप्शन झालंय!" खरंच होतं. हात आपोआप वळतो. चालणाऱ्या पायांचं स्लो मोशन, खाली व्हायोलिन, एका म्हातारीच्या चेहऱ्यावर हळूहळू झूम. फक्त गुलाबाच्या पाकळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. सगळं संगीत काढलं, स्लो मोशन काढलं. मग फिल्म 52 मिनिटांची 34 वर आली.

आणि ती सात सेकंदं. पहिल्या कटमध्ये मी ती अर्थातच कापली होती. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज ठेवत नाहीत, असं स्वतःला समजावलं. मग आनंद पटवर्धनांच्या 1985 च्या ‘हमारा शहर’मधली झोपडपट्टीतली एक बाई आठवली, जी कॅमेरावाल्यांनाच सुनावते की फोटो काढून तुम्ही आमचं काय भलं करणार. त्यांनी ते ठेवलंय. माझ्या फिल्ममध्ये सगळ्या घरांचे दर येतात, फक्त माझ्या घराचा येत नाही, हे फार सोयीचं होतं. मी तो तुकडा परत घातला, ‘आई धरते’सकट.

मग आईला दाखवणं आलं. तिनं चष्मा लावून पूर्ण बघितलं. तो भाग आला तशी म्हणाली, "हे काढ." मी म्हटलं, का? "आपण एकटेच बावीसशे देतोय होय? अख्ख्या गल्लीत तोच रेट हाय." दोन वर्षांपूर्वी आईनं आक्काचे दोनशे वाढवले होते, तर शेजारच्या काकू भांडायला आल्या होत्या, "तुम्ही रेट बिघडवताय." हे मला माहीतच नव्हतं. बाईचा पगार कुठल्या कायद्यात ठरत नाही, गल्लीतल्या कट्ट्यावर ठरतो. मी कॅमेरा काढला आणि आईला तेच परत सांगायला लावलं. ती आधी तयार नव्हती, मग साडी बदलून आली. फिल्ममधली सगळ्यात कामाची मुलाखत माझ्या मते तीच.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, ठरल्याप्रमाणं, ज्या ज्या फिल्ममध्ये होत्या त्यांना आधी फिल्म दाखवली, आक्काच्या खोलीत, लॅपटॉपवर, दोन बॅचमध्ये. सगळ्या खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी एकीचा फोन. "ताई, मला काढा." तिच्या एका घरातल्या मालकिणीबद्दल ती दीड मिनिट बोलली होती, नाव न घेता. पण त्या घरात जिना, झोपाळा आणि कुत्रं आहे हेही बोलली होती. "त्यांना कळंल. अठरा वर्सं झाली त्या घरात." मी आवाज बदलते, चेहरा धूसर करते, असं सगळं सुचवलं. ती ऐकून घेत होती आणि शेवटी पुन्हा तेच म्हणाली. तोवर तिचं बोलणं फिल्मचा मणका झालं होतं. संमतिपत्राचं चौथं वाक्य. काढलं. त्या भोकाभोवती फिल्म परत बांधायला नऊ दिवस गेले आणि अजूनही 21व्या मिनिटाला मला तिथला टाका दिसतो. बघणाऱ्याला दिसत नाही म्हणतात.

आता सर्टिफिकेट. भावाचं म्हणणं होतं, "यूट्यूबवर टाकूया की, कशाला एवढा खटाटोप?" पण बायकांना ती हॉलमध्ये, पडद्यावर हवी होती, आणि ज्या सभागृहात चौकशी केली त्यांनी पहिला प्रश्न सर्टिफिकेटचाच विचारला. सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, फिल्म फुकट दाखवा नाहीतर तिकीट लावून. डॉक्युमेंटरीलासुद्धा.

अर्ज आता ऑनलाइन आहे, ई-सिनेप्रमाण पोर्टलवर. निर्माता म्हणून खातं काढायचं. आधार-पॅन लागतंच. कंपनी नसली तरी एकट्या माणसाच्या नावानं होतं, माझं झालं. 72 मिनिटांच्या आतली फिल्म लघुपटात धरतात आणि फी लांबीवर ठरते. मला सगळ्यात वेळ लागला तो संवादांची पूर्ण संहिता टाइप करायला. फिल्ममध्ये जे जे बोललं गेलंय ते सगळं, घोषणांसकट. आक्काचं ‘न्हाई’ ‘नाही’ लिहायचं की ‘न्हाई’, यावर मी अर्धा तास घालवला. ‘न्हाई’ लिहिलं. हे काम एडिटिंग चालू असतानाच उरकत जा.

दुसरा धडा मिश्रीचा. अर्जाआधी एका जाणत्या माणसाला फिल्म दाखवली, अशा फिल्मा करून केस पिकलेला. तो 6व्या मिनिटाला थांबला. "ही काय लावतेय दाताला?" सकाळची तीन घरं उरकून जिन्याखाली बसलेली एक बाई मिश्री लावत होती. माझ्या आवडीचा शॉट, नऊ सेकंदांचा. "तंबाखूच ती," तो म्हणाला. पडद्यावर तंबाखूचा वापर दाखवला की सुरुवातीला आणि मध्ये तीस-तीस सेकंदांचे आरोग्यसंदेश, वीस-वीस सेकंदांचे इशारे, आणि दृश्य चालू असेपर्यंत खाली पट्टी. हिशोब केला. नऊ सेकंदांच्या मिश्रीसाठी शंभर सेकंद. 34 मिनिटांच्या फिल्मला ते झेपणारं नव्हतं. शॉट काढला. ती बाई मात्र अजून विचारते, "माझं मिस्री लावताना घेतलावता ते कुठं गेलं?"

ऑगस्टच्या मध्यावर अर्ज भरला. त्यानंतर एकदा त्रुटी निघाली, माझीच चूक, एका घोषणापत्रावर सही राहिली होती. मग गणपती आले. गौरी-गणपतीत आक्काची पाचही घरं दुप्पट काम काढतात, ती रात्री आठपर्यंत दिसायची नाही, आणि मी दिवसातून चार वेळा पोर्टल उघडून ‘स्टेटस’ बघायची. 9 सप्टेंबरला मुंबईत स्क्रीनिंग ठरलं. आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, स्लीपर. फिल्मची डिस्क उशाखाली, एक पेनड्राइव्ह पर्समध्ये, एक भावाच्या खिशात.

स्क्रीनिंगला आपल्याला आत बसू देत नाहीत, हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. फिल्म लावायची आणि बाहेर बसायचं. 34 मिनिटं मी दाराकडं बघत होते. आतून घोषणा ऐकू येत होत्या. मग आत बोलावलं. एक शिवी म्यूट करा म्हणाले, मोर्चातली, आणि सुरुवातीला एक निवेदनाची पाटी घाला. बाकी काही नाही. मी सगळी रात्र गाडीत कलमं पाठ करत आले होते, त्यांतलं एकही बोलायची वेळ आली नाही. जाताना समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "त्या तुमच्या आईच आहेत का?" मी हो म्हटलं.

बदल करून पाठवले. 26 सप्टेंबरला सर्टिफिकेट, ‘यू’. ते फिल्मच्या सुरुवातीला किमान दहा सेकंद दाखवावं लागतं, तेव्हा त्याची जागा एडिटमध्ये आधीच सोडा.

खर्चाचं विचारतील म्हणून सांगते. डिस्क, आवाजाच्या यंत्राचं सहा दिवसांचं भाडं, मुंबईची खेप, फी, झेरॉक्स, प्रोजेक्टर, हॉल असं सगळं धरून 41,000 च्या आत. आमची मजुरी धरलेली नाही, ती कुणीच धरत नाही. संघटनेच्या बायकांनी दहा-दहा रुपये काढून 3,110 दिले, प्लास्टिकच्या बरणीत, बरीचशी चिल्लर. घेऊ की नको, असं झालं होतं. आक्का म्हणाली, "घ्या. न्हाईतर पिच्चर तुमचाच व्हईल."

12 ऑक्टोबरला, दिवाळीच्या आधीच्या रविवारी, राजेंद्रनगरात समाजमंदिराच्या भिंतीला चादर लावून पहिला शो केला. मला जिथं गंभीर वाटत होतं तिथं बायका हसत होत्या. फलकाचा शॉट आला तेव्हा कुणीतरी ओरडलं, "आगं हात बघ, लोशन लाव की!" मग ती सात सेकंदं आली. अंधारातून एकदम आवाज आला, "बोल की!" आणि सगळं समाजमंदिर हसलं. मी मागं प्रोजेक्टरपाशी होते, तिथून हलले नाही.

8 नोव्हेंबरला शाहू स्मारकमध्ये दुसरा शो. तिथं आमच्या गल्लीतले लोक होते, आईनं बोलावलेले, शेजारच्या काकूही. त्या सात सेकंदांना तिथं कुणी हसलं नाही. खुर्च्या वाजल्या. काकू फिल्म संपल्यावर आईला म्हणाल्या, "चांगली झालीय," आणि लगेच निघाल्या. गल्लीतला रेट अजून तोच आहे. आमच्या घरात तीन हजार झालाय आणि खाडा धरत नाही. आईनं ते काकूंना सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का रोजच्या वेळेला आली. मी फरशीवर पसरलेल्या वायरी गोळा करत होते. तिनं बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "ताई, पिच्चर बाकीच्या चार घरांत बी दाखवा की."

"ते बघतील होय?"

"तुमी फोन तर लावा." आणि तिनं ब्लाउजमधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर कुणाच्या तरी पोराच्या अक्षरात चार नंबर होते. चौथ्या नंबरपुढं कंसात लिहिलंय, ‘सायेब चांगलं हायत, बाईंना सांगू नका.’

कागद माझ्या मॉनिटरला चिकटवून ठेवलाय. अजून एकही फोन लावलेला नाही.